आतोबांची शिंक आणि संपाचा इतिहास

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (आदराने की रागाने, हे तूच ठरव.) मी ठीक आहे. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांची सर्दी काय म्हणते? ही चौकशी यंदा नुसती रीत म्हणून केलेली नाही, ते पुढे कळेलच.

तुला ठाऊकच आहे, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तुमच्या त्या संपावर मी माझा अख्खा प्रबंध उभा केलाय. सगळी पुस्तकं सांगतात की युनियनच्या पुढाऱ्याने खिडकीतून रुमाल हलवला आणि ऑपरेटर बायका उठल्या. मी म्हटलं, साफ खोटं. सुपरवायझरने चहाची सुट्टी बंद केली म्हणून बायका आपणहून उठल्या, पुढारी मागाहून धावत आला. पुरावा काय, तर 'एक ज्येष्ठ महिला ऑपरेटर', म्हणजे तू. (सांगणाऱ्याचं नाव छापायचं नाही, हा आमच्या धंद्यातला नियम.) त्यावर आमच्या विभागप्रमुख बाईंनी लेख लिहून माझी सालटी काढली. रुमाल खराच होता, त्यांच्याकडेही एक प्रत्यक्षदर्शी आहे, नाव अर्थातच गुप्त. मग माझं उत्तर, त्यांचं प्रत्युत्तर. पोरं आम्हाला चहावादी आणि रुमालवादी म्हणायला लागली. स्टाफरूममधल्या खुर्च्यासुद्धा वाटल्या गेल्या (खिडकी रुमालवाद्यांकडे, साहजिकच). आणि माझी नोकरी कायम करायच्या कागदावर सही कुणाची लागते? याच बाईंची.

परवा चर्चासत्रात दोघांनी आपापल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकवायचं ठरलं. माणूस ओळखू येऊ नये म्हणून बाईंनी आवाज मशीनमधून जाड करून आणला होता. त्या जाड्याभरड्या आवाजात रुमालाचं वर्णन रंगात आलं असताना मागे कुणीतरी शिंकलं. आधी दोन हुलकावण्या, मग स्फोट, मग "मेलो गं." जगात अशी शिंक एकाच माणसाची. लगेच माझं रेकॉर्डिंग लागलं, तर त्यातही तेच, दोन हुलकावण्या, स्फोट, "मेलो गं." सभागृहाला वाटलं मशीन बिघडलं. बाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या, कारण त्याही तुझ्या घरी तासन्‌तास बसून आलेल्या. नंतर त्यांनी मला जिन्याखाली गाठलं.

"तुमची ज्येष्ठ महिला ऑपरेटर?" त्या म्हणाल्या.

"तुमची प्रत्यक्षदर्शी?" मी म्हणालो.

आत्या, का गं असं केलंस? मला राग आला, भयंकर आला. मग आठवलं, निघताना दर वेळी तू म्हणायचीस, संपाच्या निमित्ताने का होईना, कुणीतरी येऊन बसतं, बरं वाटतं. (बाईंनाही हेच म्हणालीस, असं कळलं.) तेव्हा राग निम्मा उतरलाय. उरलेला समक्ष भेटीत काढीन.

तुझा,
चहावादी भाचा

ता. क. बाई सही करायला तयार आहेत, पण दोघांनी मिळून एक पुस्तक लिहायचं आणि त्यात चहा नि रुमाल दोन्ही बसले पाहिजेत, अशी अट आहे. सुपरवायझरने चहा सांडला आणि तो पुसायला पुढाऱ्याने रुमाल काढला, असं काही आठवतंय का बघ. घाई नाही, नीट आठव. आम्ही दोघं रविवारी येतोय.

आणखी एक ता. क. आत्ताच आतोबांचा फोन आला होता. ते म्हणतात, संपाच्या दिवशी तू कामावर नव्हतीसच, रजा टाकून तुम्ही दोघं सिनेमाला गेला होतात. आत्या, रविवारी त्यांना पुन्हा सिनेमाला पाठव. या खेपेस एकट्यालाच.