चौदावी वस्तू

४ जानेवारी
वनरक्षकाची चौकी एकदाची माझ्या ताब्यात आली. दोन खोल्या, पाण्याची टाकी आणि खिडकीसमोर थेट राखीव जंगल. बायको आणि छकुली रविवारी येतील. छकुलीने आतापासूनच खारी मोजायचं ठरवलंय.
चार्जयादीत, म्हणजे ताबा घेताना सही करायच्या यादीत, चौदा वस्तू, मिळाल्या तेरा. शिक्क्याचा हातोडा नाही. तोडायच्या झाडाची बुंध्याशी साल काढायची आणि उघड्या लाकडावर याने चौकीचा क्रमांक, ४१, ठोकायचा. आधीचा रक्षक तो घेऊन फेरीला गेला, तो परतलाच नाही म्हणे. हरवला असं लिहिलं तर चौकशी, हेलपाटे. चौदाही मिळाल्या म्हणून सही ठोकली आणि मोकळा झालो.

६ जानेवारी
नाल्यापाशी एका धडधाकट झाडाची साल काढलेली, त्यावर ताजा शिक्का, ४१. आपल्याच हातोड्याचा. लाकूडचोरांचं काम, मी म्हणालो. सोबतच्या म्हाताऱ्या वनमजुराने फक्त विचारलं, यादीवर सही कुणाची? माझी म्हटल्यावर तो हळूच म्हणाला, "मग तो हातोडा आता तुमच्याकडे यायला निघाला, साहेब."
हसण्यावारी नेलं.

७ जानेवारी
ते झाड आडवं झालंय. कुऱ्हाडीचा घाव नाही, करवतीचा भुसा नाही. टाकीजवळच्या झाडावर नवा शिक्का. वनमजूर आज आलाच नाही.
घाबरून वरच्या साहेबांना फोनवर सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, सही आहे म्हणजे हातोडा तुमच्याकडेच आहे, नीट शोधा.

८ जानेवारी
टाकीजवळचं झाड पडलं. भर दुपारी दारावर ठक्क, एकदाच. बाहेर कुणी नाही. चौकटीवर ४१.

९ जानेवारी
चौकट निखळली. शिक्का आता खाटेच्या पायावर. बायकोला येऊ नको सांगायचंय, फोन लागत नाही.

१० जानेवारी, रविवार
सकाळी खाट मोडून पडलेली, मी जमिनीवर. हातोडा मिळाला. उजव्या मुठीतच होता. सोडतोय, सुटत नाही. डाव्या हाताने लिहितोय.
यादीतली सही खोडली. पुन्हा दिसते —

बस आली. छकुली पायवाटेने लंगडत — घोट्याला पट्टी. बायको लांबूनच सांगतेय, सकाळी उठली तर कातडी गोल निघालेली, रक्त नाही, दुखतही नाही —

साल काढून झाली. आता फक्त —

परत जा म्हणायचंय, आवाज फुटत नाही. ती बाबा म्हणत पट्टी सोडून दाखवतेय. उजवा हात वर जातोय, मी नाही, छकुली, मी ना