किशनलालची पहिली मात्रा

उज्जैन, रविवार, संध्याकाळ

आज फ्रीगंजच्या वाचनालयात रेगे संगीतावर बोललो. कोणाकडे शिकलो नाही, वीस वर्षं स्वतःच धुंडाळलंय. एकही तपशील चुकला नाही. जमैकाच्या झोपडपट्ट्या, गुलामांचे वंशज, ज्यांना कोणी तोंड उघडू दिलं नाही त्यांचं हे संगीत. टाळ्या पडल्या.

पण किशनलालची बोटं डोक्यातून जात नाहीयेत. महाकालाच्या सवारीच्या मिरवणुकीत ढोल वाजवतो तो. वाचनालयात खुर्च्या लावायला वर्षानुवर्षं तोच येतो, आजही आला होता. गाणं लावताच मागे उभ्याउभ्या खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला. पहिली मात्रा सोडून. मी सगळ्यांदेखत थांबवलं, "भैया, गलत है. थाप पहली पे आती है."

"साहब, पहली पे तो ये लोग सांस लेते हैं."

लोक हसले. मीही हसलो. तो चहा न घेताच गेला.

घरी येऊन तेच गाणं मात्रा मोजत ऐकलं. तीनदा. ड्रम पहिलीवर गप्पच आहे. म्हणजे वीस वर्षं मी नुसते शब्दच ऐकले? असो, चूक सुधारता येते. पण ती बोटं? मी बोललो आणि ती तिथेच थांबली.

उद्या त्याच्या घरी जाऊन माफी मागायला हवी. घर कुठे आहे, हे इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही.