माशीच्या डोक्यावरचा थेंब

१ जानेवारी १९७४, मंगळवार

नवीन वर्ष, नवीन वही. रोज लिहायचं. थोडं, पण रोज.

कर्नल भरूचासाहेबांचं पुण्याहून पत्र. पलटणीतल्या रिवाजाप्रमाणे भाषा हिंदी, अक्षरं इंग्रजी. साहेब सत्तरीच्या पुढे गेले. मे महिन्यात काश्मीरला ट्राउट मासे धरायला जाणार आहेत, बहुतेक शेवटची खेप म्हणतात. त्यासाठी माझ्या हातच्या बारा माश्या पाहिजेत. 'माझ्या हातच्या' या शब्दांखाली रेघ मारली आहे.

सायकलवाल्या आकारामला तासभर समजावलं, की माशी खरी नसते. गळाला रंगीत दोरा गुंडाळायचा, कोंबड्याच्या मानेचं पीस बसवायचं, आणि पाण्यावर सोडलं की मासा फसतो. आकाराम म्हणाला, बाकीचे पेन्शनर निदान माशा मारत्यात, तुमी बांधत बसा.

श्रीनगरला साहेबांचा ऑर्डर्ली होतो तेव्हा अशा शेकड्यांनी बांधल्या. साहेब मेसमध्ये चारचौघांत माझं नाव घेऊन सांगायचे, लालासाहेब के हाथ घड़ीसाज़ के हाथ हैं.

प्लॅन: रोज एक. बारा दिवसांत काम खलास. संक्रांतीआधी पार्सल.

प्रश्न फक्त चिकटवायचं कशानं, एवढाच. शेवटी डोक्याशी गाठ मारून सुईच्या टोकानं एकच थेंब द्यायचा असतो. त्या थेंबावर सगळी माशी टिकते. त्या चिकटीला साहेब सिमेंट म्हणतात. त्यांनी दिलेली जुनी इंग्लिश बाटली ट्रंकेत सापडली. आत दगड झालाय.

३ जानेवारी

बाभळीचा डिंक. स्वस्त, स्वदेशी, बांधावर फुकट.

थेंब डोक्यावर न बसता गळाच्या नेढ्यात जाऊन बसला. नेढं बुजलं की दोरी ओवता येत नाही, माशी बाद. चार वेळा तसंच. डिंक फार पातळ झाला.

बायको, शालूबाई, मागं उभी होती. म्हणाली, सुई कशापायी हलवताय. मी म्हटलं, मी हलवत नाही, डिंक तिला ओढतोय. बायकांना यातलं कळत नाही.

पाचवी बरी झाली. बादलीत टाकली तर गाठ सुटून पीस वेगळं तरंगायला लागलं. डिंक पाण्यात विरघळतो हे आधी लक्षात यायला हवं होतं.

७ जानेवारी, सकाळ

सुताराकडून सरस आणला. आता काळजी नाही.

७ जानेवारी, संध्याकाळ

सरस गरम ठेवावा लागतो, नाहीतर गोठतो. वाटी चुलीवरून पाटावर आणताना धोतरावर सांडली. वाटीचा काठ नीट नाही. धोतर पाटाला चिकटलं. शालूबाईनं गरम पाणी ओतून सोडवलं. हसली नाही, याचं मला वाईट वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

तयार माश्या: शून्य. पण अनुभव पुष्कळ मिळाला.

लोकांना तिळगूळ द्यायचं काम दरवर्षी माझं. यंदा शालूबाई म्हणाली, तुमी बसा, मी देते. एक ताट सांडलं होतं, एवढंच. पितळेची ताटं हल्ली फार घासून गुळगुळीत करतात.

चहासुद्धा अर्धाच कप देते. दुसरा अर्धा मागून. साखर मिळत नाही म्हणून असेल. पण मग दुसरा अर्धा तरी का देते?

२३ जानेवारी

आकारामकडचं पंक्चरचं सोल्युशन. रबराचं असल्यामुळे पाण्याला दाद देत नाही. मात्र त्याला तार सुटते. सुई उचलली की तार मिशीपर्यंत आली. पीस बोटाला, बोट दोऱ्याला, दोरा चष्म्याला.

आकाराम बघत होता. म्हणाला, हवालदार, मिरजंला एक डॉक्टर हाय, हातापायाचं बघतो, लय हुशार हाय म्हणत्यात. मी त्याला सांगितलं, सोल्युशन जुनं आहे, ताजं मागव. त्यावर त्यानं ट्यूब खिशात घातली. चूक पटली असावी.

४ फेब्रुवारी, सोमवार

पोस्टात पेन्शनला गेलो. क्लार्क म्हणाला, सही जुळत नाही. पुन्हा केली. तीही नाही जुळली. पोस्टातला टाक म्हणजे नांगराचा फाळ. तो पोरगा अदबीनं म्हणाला, आजोबा, अंगठा चालेल.

मी आर्मीचं शिक्षणाचं सेकंड क्लास सर्टिफिकेट पास आहे. अंगठा नाही दिला. तसाच परत आलो.

रात्री जेवलो नाही. उद्यापासून रोज एक पान शुद्धलेखन.

१० फेब्रुवारी

शुद्धलेखन सुरू करायचं आहे.

चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवली. सुतार लाकडाला पॉलिश करतात तीच. हाच तो माल. पाण्यात सुटत नाही, पटकन वाळते, वर चकाकते. इतके दिवस उगीच घालवले. देखभाल मात्र पाहिजे. स्पिरिट उडतं, म्हणून दर तिसऱ्या दिवशी चार थेंब टाकायचे. झाकणाच्या आट्यांना व्हॅसलीन लावायचं, म्हणजे झाकण चिकटत नाही. बाटली उन्हात ठेवायची नाही. हे सगळं नेमानं करतो. बाटली टापटीप आहे.

माशी एकही झालेली नाही, पण बाटली बघून साहेब खूश झाले असते.

१९ फेब्रुवारी

लाख दाट झाली म्हणून चार थेंब टाकायला गेलो, पाव बाटली स्पिरिट गेलं. आता पाण्यासारखी पातळ आहे. दाट होण्याची वाट बघणे.

२४ फेब्रुवारी, रविवार

रहिमतपूरला मेव्हण्याकडे गेलो होतो. बाजारात एकदम सुचलं: नेलपॉलिश. दुकानात फक्त लाल होती. दुकानदारानं माझ्या मिशांकडे बघितलं.

घरी आल्यावर कोटाच्या खिशात शालूबाईला बाटली सापडली. कुणासाठी, विचारलं. माश्यांसाठी, म्हणालो. त्यावर ती पदर तोंडाला लावून एवढी हसली, की मलाही हसू आलं. संक्रांतीनंतर घरात पहिल्यांदाच कुणी हसलं.

मग मी म्हटलं, आधी तुझ्या नखांवर ट्राय करून बघतो. नको नको म्हणाली आणि हात पुढे केला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, असं काही मी कधी केलं नव्हतं. लाल रंग नखावर कमी आणि बोटाच्या पेरापर्यंत जास्त गेला. ब्रश वाईट होता. मी पुसायला फडकं शोधलं तर म्हणाली, ऱ्हाऊ द्या. दिवसभर तसाच हात घेऊन भाकरी थापत होती.

२५ फेब्रुवारी

साहेबांना पत्र लिहिलं. स्पष्ट कळवलं: माल तयार आहे, हात तयार आहे, फक्त इथं चांगलं सिमेंट मिळत नाही. विलायती असतं तर एका आठवड्यात बारा दिल्या असत्या. उशीर माझ्यामुळे नाही.

पत्र शालूबाईकडून लिहून घेतलं. ती मराठी चौथी पास आहे, म्हणून पत्र मराठीत. मला चष्म्याचा त्रास होतो.

१६ मार्च, शनिवार

पार्सल. साहेबांनी लंडनच्या पुतण्याला लिहून खास बाटली मागवली. झाकणाला आतून बारीक ब्रश. वास तोच, श्रीनगरच्या बराकीतला. बाटली हातात घेऊन बराच वेळ बसलो.

सोबत चिठ्ठी. शालूबाईनं मराठीत लिहिलेलं साहेबांनी शेजाऱ्याकडून वाचून घेतलं. ते एप्रिलच्या सहा तारखेला साताऱ्याच्या डाकबंगल्यात उतरणार आहेत, तेव्हा माश्या स्वतः घेऊन ये, म्हणतात.

वीस दिवस. बारा माश्या. आता कुणी अडवू शकत नाही.

१७ मार्च

आज मुहूर्त केला नाही. रविवार.

१९ मार्च

उजेड कमी होता.

२० मार्च

उजेड जास्त होता. डोळे दिपले.

२२ मार्च

सात माश्या बांधायला घेतल्या. पाच वेळा दोरा तुटला. दोन माश्यांचं नेढं बुजलं. सिमेंटमध्ये दोष नाही. गळ बारीक आहेत.

२४ मार्च

गळ मोठे घेतले.

२६ मार्च

टेबल हलत होतं. आकारामला बोलावून चारी पायांखाली पाचरी ठोकून घेतल्या. आता त्याच्यावर बैल उभा केला तरी हलणार नाही.

टेबल हलत नाही.

२७ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही.

३० मार्च

डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून बघितलं. तीन झाल्या. डोकी मोठी आहेत, सिमेंटचे गोळे. लांबून वाईट दिसत नाहीत.

शालूबाईनं विचारलं, एक म्या बांधून बघू का? शिवणाचा हात आहे तिचा. मी ओरडलो. साहेबांनी कुणाच्या हातच्या मागितल्यात, विचारलं. ती उठून गोठ्यात गेली. मी फार ओरडलो.

२ एप्रिल

बाटली कलंडली. तोंड अरुंद असूनही सगळी गेली. टेबलावर चकाकणारा डाग पडलाय, तो खरवडूनही निघत नाही. चांगलं सिमेंट आहे.

७ एप्रिल, रविवार

काल साताऱ्याला गेलो. पहाटेची एस.टी. तीन माश्या काडेपेटीत कापूस घालून ठेवल्या होत्या. उशिराचं कारण वाटेत ठरवलं होतं: पार्सल पोचायला वेळ लागला, शिवाय इथली हवा कोरडी.

साहेब व्हरांड्यात बसले होते. फार वाळलेत. मी सॅल्यूट केला आणि हात लवकर खाली घेतला. त्यांनी काडेपेटी उघडली. एकेक माशी उजेडात धरून बघितली. खूबसूरत, म्हणाले. साहेबांनी माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलावं, आणि तेही माझ्यासाठी.

मग उठून हात पुढे केला. मी दिला. त्यांनी सोडला नाही. म्हाताऱ्या माणसाचा गार हात. माझा त्यात कापत होता, थांबत नव्हता, आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो. त्यांनी विचारलं, कब से? मी हवेचं सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, दो साल, साब.

त्यानंतर मी रडलो. साहेबांसमोर, उभ्यानं. लिहून ठेवतो, कारण ते घडलं.

साहेबांनी मिरजेच्या डॉक्टरला इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. तीन माश्या शर्टाच्या खिशात ठेवल्या. काश्मीरला नक्की लावीन, म्हणाले.

आज सकाळी शालूबाईला सगळं सांगितलं. ती जोंधळे निवडत होती. मी म्हटलं, दोन वर्षं मला माहीत होतं, तुझ्यापासून लपवलं. डिंकावर ढकललं, सरसावर ढकललं, तुझ्यावर ओरडलो. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, दोन न्हाई, तीन. पयल्या वर्सी तुमी नुसतं बसला की हात कापायचा, हातात काय धरलं की थांबायचा. म्हनून म्या तुमाला बसलं की शेंगा फोडाय द्यायची. कळू दिलं न्हाई.

बुधवारी मिरजेला जायचं ठरलं. तीही येणार आहे.

त्या वर्षी मी शेंगा फार फोडल्या. आठवतंय.