अल्बमचं नाव सुतक

प्रिय शिवराज,

शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग वाच. फोन तू उचलत नाहीस, मेसेज न बघताच पुसतोस, म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा एवढं मराठी हातानं लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

गुलमंडीत अब्बांच्या दुकानावरच्या त्याच माळ्यावर आपला बँड अजून वाजवतो. कापडाचे तागे आवाज पितात, तरी तू होतास तेव्हा अब्बा खालून काठीनं छत ठोकायचे. आता ठोकत नाहीत. परवा तर स्वतः जिना चढून वर आले आन् विचारायला लागले, बेटा, तुम्ही वाजवताय का झोपलाय, खाली काहीच ऐकू येईना. मला हसू आलं, पण सार्थक हसला नाही.

नवा अल्बम तयार झालाय. हे मेटल नाय, भजन झालं, असं म्हणून तू गिटार उचलून पुण्याला गेलास. आता ऐकलास तर भजनसुद्धा म्हणणार नाहीस. सगळं खाली, जड आणि संथ. मी ड्रमवर एक ठोका मारायचा आणि दुसऱ्याची वाट बघत बसायचं, हात नुसते शिवशिवतात. आणि ज्याच्या गर्जनेनं क्रांती चौकातली कुत्री पळायची, तो आपला सार्थक माईकला ओठ लावून पुटपुटतो. अल्बमचं नाव ठेवलंय सुतक. म्हटलं, अरे, जरा बरं नाव ठेव की. तर म्हणे, हेच बरोबर आहे.

शेवटच्या गाण्यासाठी त्याला हेल पाहिजे होता, मयतावर बाया रडताना काढतात तो. आपल्या बँडमधल्या कडुबाची आत्या आवडाबाई गंगापूरकडं राहते. पंचक्रोशीत कुणी गेलं की तिला बोलावतात. ती गळ्यात पडून हेल काढते तेव्हा दगडाच्या काळजाची माणसंही रडतात म्हणे. आम्ही रेकॉर्डर घेऊन गेलो तर म्हातारी भडकलीच. कुणी मेल्याबिगर हेल काढत नसतेत, आन् नावाबिगर तर नायच, सांगा कुणासाठी रडू? आम्ही उठायलाच लागलो होतो. सार्थकनं आम्हाला बाहेर जायला सांगितलं. कडुबा आणि मी बांधावर ऊस सोलत बसलो, आणि आतून तो आवाज आला. शिवराज, खुदा कसम, माझ्या अंगावर काटा आला. सार्थक बाहेर आला तो घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, काम मनासारखं झालं म्हणून गप्प आहे. लई खूश होतो मी त्या दिवशी.

मागच्या आठवड्यात आवडाबाई एसटीनं इथं आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, बाहेरून कडू भाकर न्यायची, ही त्यांची रीत. ज्या घरासाठी आपण रडलो त्या घरी उशिरा का होईना, भाकर पोचवावी, म्हणून भाचा असलेल्या कडुबाला पत्तासुद्धा न विचारता, सार्थकनंच सांगितलेल्या गल्लीत विचारत विचारत आली. सार्थकच्या आईनं, सुरेखाकाकूंनी दार उघडलं. बाईनं त्यांच्या गळ्यात पडून सुरू केलं, सार्थका रं, माय कुणाची वाट पाहील रं. काकूंना काही कळेना. सार्थक आतल्या खोलीत बुटाची लेस बांधत होता, तो बाहेर आला. बाईला त्यानं सांगितलं होतं, माझा धाकटा भाऊ सार्थक वारला. काकू घाबरून त्यालाच नावानं हाका मारायला लागल्या, तेव्हा बाईच्या लक्षात आलं. तुझ्याच नावानं रडवलंस व्हय रं मला, म्हणाली आणि त्याच्या थोबाडीत दिली. मग भाकर फडक्यात परत बांधली. या घरात याचा घास कुणी खायचा नाय, असं बजावून निघून गेली.

काकूंनी मला बोलावून हे सांगितलं तेव्हा मला आधी रागच आला. नाटकं करतो साला, अल्बमसाठी, असं वाटलं. मग हेडफोन लावून तो हेल पुन्हा ऐकला. नाव स्वच्छ ऐकू येतं. ऐकता ऐकता एकेक आठवत गेलं. त्यानं गिटार कडुबाला देऊन टाकलीय, मला आता लागत नाही म्हणून. बँडच्या पानाचे पासवर्ड माझ्याकडं दिलेत. माळ्यावरचं त्याचं सगळं सामान घरी नेऊन टाकलंय. मी गेलो आणि सरळ विचारलं. शांतपणे म्हणाला, रेकॉर्डिंग झालं, आता तुम्ही सांभाळा, अल्बम निघेल तेव्हा मी नसेन. कुठं जाणारेस, विचारलं तर हसला. शिवराज, मला त्या हसण्याची भीती वाटते.

काकूंपासून काही लपवलं नाही. आता मी त्यांच्याकडंच झोपतो, अब्बांनी घराबाहेर काढलंय असं सार्थकला खोटं सांगून. एक चांगले डॉक्टर गाठलेत, परवा सकाळी यायला सांगितलंय. सार्थक चार दिवस नाही म्हणत होता. काल काकू रडायला लागल्या तेव्हा म्हणाला, शिवराज आला तर येतो. तू येणार नाहीस याची त्याला खात्री आहे, म्हणून तुझं नाव घेतलं त्यानं. हे पत्र घेऊन आलेला माझा मामेभाऊ इलियास तुझ्या दारात उभा असेल. माल उतरवून त्याचा टेम्पो रिकामा परत येतोय. भांडायचं ते इथं येऊन भांड, अल्बमला पाहिजे तेवढ्या शिव्या दे, आम्ही सगळे ऐकून घेऊ. पण आत्ता चप्पल घाल आणि टेम्पोत इलियासच्या शेजारी बस.

तुझाच,
अम्मार