मुलीबद्दल अभिनंदन

आई, परवा मी एका म्हाताऱ्या बाईंचं अभिनंदन केलं आणि तेव्हापासून तुझी सारखी आठवण येते आहे. इकडे डच लोक वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडतात, प्रत्येकाच्या हातात कॉफी आणि केकचा एकच तुकडा देतात, आणि येणारा पाहुणा जिचा वाढदिवस तिच्याबरोबर तिच्या आईचाही हात हातात घेऊन म्हणतो, 'मुलीबद्दल अभिनंदन.' पहिल्या वर्षी मला हसूच आलं होतं. परवाचा वाढदिवस लायडनच्या आमच्या लॅबमधल्या मैत्रिणीचा होता. ती जन्माने कोरियन, तान्ही असताना या डच बाईंनी तिला दत्तक घेतलं. आता पन्नाशीत ती कोरियात कायमची राहायला निघाली आहे. तिथे तिचं रक्ताचं कुणी सापडलेलं नाही. "नसू दे," मध्ये एकदा सायकलचं कुलूप काढता काढता ती म्हणाली होती, "मला तिथे म्हातारं व्हायचंय."

मी तिच्या आईचा हात धरला आणि म्हणाले, "मुलीबद्दल अभिनंदन." त्यांनी हात सोडलाच नाही. "पुढच्या वर्षी ती तिकडे असेल," त्या हळूच म्हणाल्या, "मग माझं अभिनंदन कोण करणार?" मैत्रीण स्वयंपाकघरात केक कापत होती, तिला ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिले.

तुझं असं अभिनंदन कधी कुणी केलं नाही. तू माझं औक्षण करायचीस आणि शेजारच्या काकू मला निरखत विचारायच्या, "रंग कुणाचा घेतलाय गं हिनं?" गोरीपान तू, पण चेहऱ्यावरची रेघ हलू न देता म्हणायचीस, "माझाच. उन्हात खेळून रापलाय." माझ्या सोळाव्या वाढदिवशी तू शिऱ्यासाठी रवा भाजते आहेस, खमंग वास सुटलाय. पाठमोरीच विचारतेस, "जिनं जन्म दिला तिला शोधायचंय का तुला? शोधायचं तर सांग, मी येईन बरोबर. एकटी जाऊ नकोस, तुला रस्ते लक्षात राहत नाहीत." मी म्हणते, "काहीतरीच काय. माझी आई तूच." तू परतत राहिलीस आणि त्या दिवशी रवा करपला. तो शिरा आपण दोघींनी तसाच संपवला. विषय पुन्हा निघाला नाही, आणि मग तूही गेलीस.

परवा निघताना मैत्रिणीनं दारात सांगितलं, "आई येतेय मला सोडायला, थेट कोरियापर्यंत. डॉक्टर नको म्हणतायत, पण ती ऐकेल तर ना." आत म्हातारबाई खुर्चीचा आधार घेत सगळ्यांच्या कपबशा गोळा करत होत्या. मला मैत्रिणीचा हेवा वाटला, आई. घरी येईपर्यंत सायकलवर रडत होते.

हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, म्हणून इथेच राहील. जिथून तू मला घरी आणलंस त्या संस्थेचा पत्ता मात्र माझ्याकडे आहे, आणि फोनमधला नकाशा आता थेट दारापर्यंत नेतो. तरी माझा पाय निघत नाही. रवा करपला त्या दिवशी तुला वाईट वाटेल म्हणून मी नकार दिला. जायचं होतं मला. तुझ्याचबरोबर जायचं होतं.