शॉवरचा पाझर आणि आईंचं निदान

आदरणीय दादा,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. वहिनींनाही सांगा. तुमचा खोकला कसा आहे? मागच्या फोनवर अर्धं तुम्ही बोललात आणि अर्धं खोकला बोलला, त्यामुळे तुमचं नक्की काय ठरलं ते मला नीट कळलंच नाही. आमच्याकडे सगळे खुशाल आहोत. एवढं साधं वाक्य लिहिण्यासारखी परिस्थिती परवापरवापर्यंत नव्हती, म्हणून पत्राला उशीर झाला. (फोन का केला नाही, असं विचाराल. आमच्या घराच्या भिंती तुम्हाला माहीत आहेत. इकडे कुजबुजलं की पलीकडून उत्तर येतं.)

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुमच्या आई आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांना टबाचा काठ ओलांडता येईना, म्हणून आम्ही टब काढून कोपऱ्यात काचेचा शॉवर बसवून घेतला. खाली पांढरा ट्रे, दोन बाजूंना टाइल्सची भिंत, दोन बाजूंना काच, आणि बोटाने ढकलावं इतकं हलकं दार. इतका देखणा की मी आल्यागेल्याला आधी बाथरूम दाखवायचो आणि मग बसा म्हणायचो. पण थोड्याच दिवसांत भिंतीपलीकडच्या आमच्या खोलीतलं कपाट खालून फुगायला लागलं. दार लागेना. लागलं तर उघडेना. एका सकाळी माझे ऑफिसचे सगळे सदरे आत आणि मी बाहेर, असा प्रसंग आला. खाली हात घातला तर जमीन ओली.

मी लगेच नळकाम करणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी टाइल्सना कान लावला, नळ बंद करून पाइपातला दाब तपासला, ट्रेच्या जाळीत बादल्या ओतल्या. कुठे थेंब नाही. गळत नाहीये, असं सांगून ते निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत गळलं. मग मी स्वतः सिलिकॉनची नळी आणली आणि दिसेल त्या फटीत भरली. (काही ठिकाणी फट नव्हती, तिथेही भरली.) बाथरूम लोणी फासल्यासारखं दिसू लागलं, दोन दिवस दाराला माझी बोटं चिकटत होती, आणि कपाट फुगतच राहिलं.

आता दादा, यंत्रात दोष सापडला नाही की माणूस माणसांत शोधतो. मला वाटलं, आई काचेचं दार पुरतं लावत नसतील. तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून मी बाथरूमच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली, ‘दार घट्ट लावावे ही विनंती.’ घरात माणसं तीन. चिठ्ठी लावणारा मी, आणि तुमची बहीण दार कसं लावते ते तुम्ही लहानपणापासून ऐकलेलं आहे. म्हणजे विनंती कुणाला, ते उघडच होतं. आई शॉवर सोडून बाहेर स्टुलावर बसून अर्ध्या बादलीत अंघोळ करू लागल्या, वर तो दुखरा गुडघा घेऊन फरशीही पुसायच्या. तुमच्या बहिणीने माझ्याशी बोलणं बंद केलं, आणि चहा कपातून यायचा तो आदळून बशीतून येऊ लागला. शेवटी रविवारी आई शांतपणे म्हणाल्या, “मी आता दादाकडे जाते. माझ्यासाठी तो करतोय ती खोलीही तयार होत आलीय.” चिठ्ठी मी त्याच दुपारी फाडली, पण फाडलेली चिठ्ठीसुद्धा वाचलेलीच असते.

गंमत अशी की आई शॉवर वापरत नव्हत्या, तरी कपाटाखाली ओल यायचीच. हे माझ्या ध्यानात आलं नाही, त्यांच्या आलं. बॅग भरता भरता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “कुठे दुखतं ते पेशंट सांगतो. कधी दुखतं ते आपण विचारायचं असतं.” (उभा जन्म हॉस्पिटलात नर्स म्हणून गेलेला. त्यांच्यापुढे कपाटसुद्धा आजारी असल्यासारखं दिसतं.) त्यांनी कपाटाखाली कोरडं वर्तमानपत्र अंथरलं आणि आम्हाला एकेकाला अंघोळीला पाठवलं. आधी स्वतः गेल्या. कागद कोरडा. तुमची बहीण गेली. कोरडा. मी गेलो. कागदाचा लगदा!

मी म्हटलं, योगायोग असेल. त्यांनी मला पूर्ण कपड्यांत कोरड्या ट्रेमध्ये उभं केलं, आणि स्वतः खुर्ची ओढून भिंतीच्या कडेला बॅटरी धरली. मी आत उभा राहिलो की ट्रे किंचित दबायचा आणि भिंतीपाशी नखाएवढी फट उघडायची. बाहेर आलो की मिटायची. “परत आत या बरं.” उघडली. “आता बाहेर.” मिटली. असं त्यांनी मला इतक्या वेळा आतबाहेर करायला लावलं की दारात उभी असलेली तुमची बहीण हसून हसून खालीच बसली. कितीतरी दिवसांनी हसली हो. आई मात्र हसल्या नाहीत. ‘वजन’ हा शब्दही त्यांनी तोंडातून काढला नाही. एवढंच म्हणाल्या, “ट्रे खालून पोकळ बसवलाय. तुमचा दोष नाही, जावईबापू.” ज्या माणसाने दारावर चिठ्ठी लावली, त्याला हे ऐकवायचं! मला त्या क्षणी ट्रेखालच्या पोकळीत शिरावंसं वाटलं. तिथेच उभ्याउभ्या मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, आधी खाली उतरा, फट उघडी राहतेय.

नळवाल्यांना पुन्हा बोलावून ट्रेखाली सिमेंटचा माल भरून घेतला. माझं सिलिकॉन आईंनी ब्लेडने सोलून काढलं. नवं भरताना ट्रेवर भार हवा, म्हणजे फट पुरती उघडते आणि सिलिकॉन आतवर बसतं. भार कोण, ते सांगायला नको. मी ट्रेमध्ये स्टूल टाकून बसलो, आईंनी एका हातात नळी धरून कडेने रेघ ओढली, आणि टाके ओले आहेत, हलायचं नाही, असा हुकूम सोडला. संध्याकाळपर्यंत मी काचेत आणि त्या बाहेर खुर्चीवर. चहा वरून आत यायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘हो’ यापलीकडे कधी गेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मला त्यांची पहिली रात्रपाळी सांगितली, सगळे झोपल्यावर वॉर्डात एकट्याच कशा रडल्या होत्या ते. मी त्यांना नोकरीतली माझी भीती सांगितली, जी मी तुमच्या बहिणीलाही सांगितलेली नाही. त्यांनी फक्त मान हलवली, आणि मला इतकं हलकं वाटलं की ट्रेवरचा भार कमी तर झाला नाही ना, अशी शंका आली.

आता जमीन कोरडी आहे, कपाट उघडतं. तुमच्या आईंचे उपकार कसे मानावेत ते मला समजत नाही. तुम्ही त्यांना आमच्याकडे राहू दिलंत, त्याबद्दल तुमचेही. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. खोली तयार झाली असेल, तर ते आईंना इतक्यात कळवू नका. रंगकाम चालू आहे म्हणा. रंगारी आजारी पडला म्हणा. त्या तुमच्या आई आहेत हे मान्य, पण घर त्यांच्याशिवाय आता ओकंओकं वाटेल. एवढ्याचसाठी हे पत्र, बाकी सगळं पाल्हाळ.

ता. क. दुसरा. हे त्यांना कळता कामा नये.

ता. क. तिसरा. चिरंजीवास अनेक आशीर्वाद. जावईबापूंनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, चष्मा डोळ्यांवरच होता. ट्रे पोकळ होता हे खरं, पण मी तोंडातून न काढलेला तो शब्दही खराच. ते त्यांना सांगू नकोस, मन लावून जेवणारा माणूस आहे. आणि तुझा रंग सावकाश होऊ दे.
— आई