पापणीची शिवण

४ मार्च

चि. सौ. छबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला. कामाचा व्याप होता असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे आता एका हाताने पापणी वर धरून लिहावं लागतं. वरच्या पापण्यांची कातडी इतकी सैल होऊन उतरली आहे की डोळ्यांवर पडदाच आलाय. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मते नजर ठणठणीत आहे, जादा कातडी काढली की झालं.

रफू करणाऱ्या बाईला उभा धागा आणि आडवा धागा वेगळा दिसला नाही, तर तिने करायचं काय? गेल्या आठवड्यात शेजारच्या शिंप्याने माझं काम पहिल्यांदाच परत आणलं. बिचाऱ्याने नुसतं बोट ठेवून जागा दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असं आणखी दोनदा झालं तर दुकान बंद करावं लागेल.

आणखी एक कबुली. बाबांच्या राखाडी कोटाच्या फाटक्या बाहीचं कापड विरलंय, रफू धरणार नाही, असं मी तुला गेल्या वर्षी कळवलं होतं. ते खोटं होतं. मला दिसत नव्हतं. कोट अजून माझ्याच कपाटात आहे.

दोन वर्षांपूर्वी तू हेच ऑपरेशन करून घेतलंस तेव्हा मी तुला नटवी म्हणाले, आणि तू बोलावूनही आले नाही. आता कोणत्या तोंडाने विचारू? तरी विचारते. काय काय होतं ते सगळं लिही. मी घाबरले आहे.

तुझ्या भावोजींचे आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोटभर हसले, मग डोळ्यांत पाणी आलं. नटव्या बायकांच्या कंपूत तुझं स्वागत.

शाळेच्या कचेरीत जो येईल तो मला थकल्यासारख्या दिसता म्हणायचा, त्याचा मला वीट आला होता. तुझा तर पोटापाण्याचा प्रश्न आहे, तेव्हा लाजू नकोस.

डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची नावं सांग. रक्त पातळ करणारी एखादी असेल तर तिचं काय करायचं ते ते ठरवतील, तू नाही. डोळे कोरडे पडत असतील तर तेही सांग. पापणीत इंजेक्शन देतात तेवढं चरचरतं. पुढे तू जागीच असशील, पण ओढल्यासारखं कळतं, दुखत नाही. त्याच दिवशी घरी सोडतात. पापणीची घडी पडते तिथेच काप घेतात, म्हणून व्रण घडीत लपतो.

खरी परीक्षा नंतरची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड मार खाल्ल्यासारखं सुजतं, काळंनिळं होतं. आरशाकडे फिरकू नकोस. उशाला दोन उशा घे, गार पट्ट्या ठेव, वाकू नकोस, जड उचलू नकोस. मलमामुळे धूसर दिसतं. नजर गेली म्हणून रडू नकोस, मी रडले होते. पण फार दुखायला लागलं किंवा एकाएकी दिसेनासं झालं तर तडक दवाखाना गाठ. टाके साधारण आठवड्याने काढतात. दोन्ही डोळे अगदी एकसारखे होत नाहीत, पण ते आधी तरी कुठे होते?

माझ्या उशाशी तेव्हा शेजारीण बसली होती. तुझ्या उशाशी मी बसेन, फक्त कळव.

भावोजींना नमस्कार. या शहाणपणाचा राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
छबी

१४ एप्रिल

चि. सौ. छबीस,
अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून घर ओकंबोकं वाटतंय. तुझे भावोजी अजून घड्याळ लावून माझ्या डोळ्यांत थेंब घालतात. त्यातले निम्मे कानात जातात.

त्यांनी तुला फोन करून बोलावलं तेव्हा टाका सुटला एवढंच सांगितलं होतं. खरं काय झालं ते ऐक. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी आरसा घेऊन बसलेच. डॉक्टरांची शिवण इतकी बारीक आणि सारखी की मनातल्या मनात त्यांना शाबासकी दिली. पण डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात धाग्याचं टोक लोंबत होतं. चाळीस वर्षांची सवय, लोंबता धागा दिसला की हात थांबत नाही. कात्री घेतली आणि कचकन कापला. शिवणच उसवली. रक्त आलं, तशी तुझ्या भावोजींना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नवा टाका घातला आणि विचारलं, की मी तुमच्या दुकानात येऊन असे टाके कापले तर चालेल का. मी मान खाली घातली, तर म्हणाले, वाकायला मनाई आहे, मान वर ठेवा.

मग तू आलीस. सहा दिवस पट्ट्या गार करून ठेवल्यास, माझी कात्री भावोजींच्या खिशात टाकलीस, आणि दोन वर्षांपूर्वीचा एक शब्द काढला नाहीस. तेव्हा तू डोळे मिटून पडली होतीस आणि मी इथे तोऱ्यात दुकान चालवत होते, हे मला पडल्या पडल्या रोज आठवायचं. छबी, चुकलं माझं. तुझे उपकार फिटायचे नाहीत.

परवा सुई धरायची परवानगी मिळाली. पहिलं काम सोबतच्या पुडक्यात आहे. त्यासाठी धागे बाबांच्या कोटाच्याच आतल्या दुमडीतून काढले. शिंप्याला मी अजून तोंड दाखवलेलं नाही, आधी तू सांग. बाही कुठे फाटली होती ते शोध, आणि सापडलं तर भीडभाड न ठेवता कळव. म्हणजे मी दुकान आवरायला घेईन.

उत्तराची वाट पाहते.

तुझी,
ताई

२१ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कोट मिळाला. खिडकीत धरला, उलटा केला, चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला, बोटांनी चाचपला. शेवटी शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंना नेऊन दाखवला. त्यांनी अर्धा तास घेतला आणि मोठ्या खात्रीने डाव्या बाहीवर बोट ठेवलं. ताई, फाटली होती उजवी.

दुकान उघड. शिंप्यालाही निरोप धाड.

एक सांगायचं राहिलंय. माझ्या वेळी तू आली नाहीस, ते मी विसरले नव्हते. तुझ्याकडे निघाले तेव्हा गाडीत बसून ठरवलं होतं, की तू बरी झालीस की एकदा चांगलं सुनवायचं. शब्दही जुळवले होते. रोज म्हणायचे, आज नको, उद्या. काल कोट अंगात घालून आरशासमोर उभी राहिले आणि काय सुनवायचं होतं ते आठवून पाहिलं. खूप शोधलं, पण तेही सापडलं नाही.

भावोजींना नमस्कार, आणि कात्री आता परत द्यायला हरकत नाही असं सांग. लोभाचं वेगळं काय लिहू, तो आहेच.

तुझी,
छबी